ग्रामसभेत विषय मांडून ठराव तडीस कसा न्यावा: अर्जापासून अंमलबजावणीपर्यंतचा क्रम

ग्रामसभेत तावातावाने बोलून आलेल्या माणसाला महिन्याभराने विचारा, "ठराव नंबर किती?" दहापैकी नऊ जणांना सांगता येत नाही. विषय निघाला, चार जणांनी माना डोलावल्या, सरपंच "करू की" म्हणाले आणि प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) मात्र त्यातली एक ओळही उतरली नाही. पुढच्या सभेला तोच माणूस तोच विषय घेऊन आणखी मोठ्या आवाजात उभा राहतो. सभेच्या दिवशी फारसं काही ठरत नाही. जे ठरतं ते आधीच्या तीन आठवड्यांत आणि नंतरच्या महिन्यात.

खालचा क्रम महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ खाली चालणाऱ्या साध्या ग्रामपंचायतींसाठी आहे. गाव पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रात, असेल (पालघर, नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतली अनुसूचित गावं) तर पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा, अध्यक्षाची निवड, कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) हे सगळं वेगळ्या नियमांनी चालतं. तिथे हा क्रम जसाच्या तसा वापरू नका. समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे: आळीतून वाहणारं उघडं गटार.

१. काम कोणाचं, हे आधी ठरवा

निम्मे अर्ज इथेच वाया जातात. दार चुकलं की ग्रामसेवक "आमच्या अखत्यारीत नाही" असं लिहून मोकळा होतो, आणि ते बरोबरच असतं. (या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात, इथेही तेच ठेवलं आहे.)

गावातले अंतर्गत रस्ते, गटारं, दिवाबत्ती, नळपाणी, सार्वजनिक विहिरी, कचरा, स्मशानभूमी, आठवडी बाजार ही ग्रामपंचायतीची कामं. गावठाणातल्या सार्वजनिक रस्त्यावरचं आणि ग्रामपंचायतीच्या जागेवरचं अतिक्रमण काढायचा अधिकारही कलम ५३ खाली तिलाच आहे.

आता जिथे लोक हमखास चुकतात ते पाहू.

शेतात जायचा रस्ता अडवला असेल तर तहसीलदारांकडे जा. जुना वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. बांधावरून नवीन रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. यासाठी ग्रामसभेत दोन तास भांडून काहीच हाती लागत नाही.

गावाला जोडणारा डांबरी रस्ता उखडला असेल तर तो कोणत्या वर्गात मोडतो ते बघा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे.

दिव्याच्या बाबतीत घोळ ठरलेला. दिवा गेला तर ग्रामपंचायत. खांब वाकला, तार लोंबकळली तर महावितरण. रेशनची तक्रार तहसीलच्या पुरवठा शाखेत. सातबाऱ्याची तलाठ्याकडे. शेजाऱ्याने तुमच्या खासगी जागेत भिंत सरकवली तर दिवाणी न्यायालय. भाऊबंदकी ग्रामसभेत आणू नये, हे माझं ठाम मत. त्या दिवशी सभेत दुसरं काहीच होत नाही.

जन्म-मृत्यूचा दाखला, नमुना ८ चा (घराच्या कर आकारणीचा) उतारा यांसाठी ग्रामसभेची गरज नसते. साधा अर्ज द्यायचा. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली या सेवांना मुदत ठरलेली आहे आणि तिचा फलक कार्यालयात लावलेला असायला हवा.

काम दुसऱ्या खात्याचं असलं तरी ग्रामसभा त्या खात्याकडे मागणीचा ठराव पाठवू शकते. मात्र मग ठरावात "अमुक कार्यालयास शिफारस करण्यात यावी" असं स्पष्ट हवं. ग्रामपंचायतीने रस्ता करावा असा ठराव जिल्हा परिषदेच्या रस्त्याबद्दल केला, तर तो फाइलमध्येच राहतो.

२. अर्ज लिहिण्याआधी वही बघा

ग्रामपंचायतीचा कारभार ठरावीक नमुन्यांच्या नोंदवह्यांवर चालतो. सगळे पाठ असायची गरज नाही. तीन-चार माहीत असले तरी पुरे.

नमुना ८ ही घरांची कर आकारणी नोंदवही, नमुना ५ ही रोकडवही, आणि नमुना २३ ही ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. रस्त्याचं किंवा रस्त्याकडेच्या गटाराचं काम असेल तर आधी नमुना २३ उघडायला सांगा. तुमच्या आळीचा रस्ता तिथे नावाने, लांबी-रुंदीसह चढलेला आहे का? नसेल तर गटाराचा अर्ज नंतर, आधी ती नोंद. नोंद नसलेल्या रस्त्यावर खर्च टाकायला ग्रामसेवक कचरतो, आणि काम सुरू झालं की हमखास कोणीतरी "ही माझी खासगी जागा" म्हणून उभा राहतो.

दुसरी गोष्ट, चालू वर्षाचा विकास आराखडा. ई-ग्रामस्वराज्य संकेतस्थळावर गाव निवडलं की मंजूर आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीचा खर्च मोबाइलवर दिसतो. तुमचं गटार तिथे आधीच असेल, तर तुमची मागणी "गटार बांधा" अशी राहत नाही. ती "आराखड्यातलं अमुक काम का सुरू झालं नाही" अशी होते, आणि हा प्रश्न फार जड जातो.

तपासा: ग्रामसेवकाकडे बहुधा दोन-तीन गावं असतात. तुमच्या गावाचा वार कोणता, ते कार्यालयाबाहेरच्या फलकावर बघून मगच जा. रजा टाकून गेलात आणि दार बंद, असं होऊ देऊ नका.

३. अर्ज: एक कागद, एक विषय

सर्वात मोठी चूक म्हणजे एकाच अर्जात गटार, दिवे, पाणी, शाळेचं कुंपण आणि शेवटी "तरी सर्व समस्यांकडे लक्ष द्यावे". अशा अर्जाचा ठराव होऊच शकत नाही. एका अर्जात एकच काम मागा.

दुसरी चूक मोघमपणा. "आमच्या आळीतील गटाराची दुरवस्था झाली असून रोगराई पसरत आहे" हे वाचून अभियंत्याला काय मोजायचं ते कळत नाही. त्याऐवजी असं लिहा:

"विषय: वॉर्ड क्र. २ मधील मारुती मंदिर ते सार्वजनिक विहीर या रस्त्याच्या उत्तर बाजूस सांडपाण्यासाठी बंदिस्त गटार बांधणेबाबत. अंदाजे लांबी ८० मीटर. सध्या सांडपाणी रस्त्यावरून वाहून विहिरीजवळ साचते. सदर विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेऊन त्यावर ठराव व्हावा, ही विनंती."

त्यात काय आहे ते बघा: कुठून कुठपर्यंत, कोणती बाजू, किती लांबी, काय अडचण. आणि शेवटचं वाक्य. "कार्यवाही व्हावी" एवढंच लिहिलं तर अर्ज मासिक सभेपुढे जातो. मासिक सभा ही सदस्यांची असते, ग्रामसभा ही सगळ्या मतदारांची. या दोन्हींची गल्लत फार होते. ग्रामसभेपुढेच जायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा.

लांबी पावलांनी मोजू नका. टेप घ्या, नाहीतर दोरी मोजून घ्या. मोबाइलवर दोन फोटो काढा, त्यात मंदिराचा कळस किंवा विहिरीचा कठडा अशी ठळक खूण येऊ द्या. फोटोच्या प्रिंटमागे तारीख घाला.

सह्या किती घ्याव्यात? आळीतल्या दहा-पंधरा घरांच्या पुरेत, पण प्रत्येकीपुढे मतदारयादीतलं नाव आणि अनुक्रमांक लिहा. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेला माणूस. पुण्या-मुंबईला नाव नेलेला भाऊ कितीही पोटतिडकीने बोलला तरी तो सदस्य नाही आणि त्याच्या सहीवर बोट ठेवलं जातं. उलट घरपट्टी थकली म्हणून कोणाचं सदस्यत्व जात नाही. "आधी पट्टी भरा, मग बोला" असं कोणी म्हटलं तर यादी दाखवा. (पट्टी भरावी हे खरंच. गटाराला पैसा तिथूनही येतो.)

सावध: अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्यायची. "ठेवा इथे, बघतो" यावर परत फिरू नका. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

४. तारखांचं गणित

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस किमान सात दिवस आधी निघते, आणि नोटिशीसोबत विषयपत्रिकाही. म्हणजे सभेच्या आदल्या आठवड्यात अर्ज दिला तर विषयपत्रिका छापून झालेली असते आणि तुमचा विषय "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" यात जातो. तो सगळ्यात शेवटी येतो. तोवर निम्मी सभा उठलेली असते, आणि परवानगी द्यायची की नाही हे अध्यक्षांच्या हाती.

म्हणून अर्ज सभेच्या किमान तीन आठवडे आधी द्या.

चारही सभांचं वजन सारखं नसतं. पैसा लागणारं काम असेल तर ऑक्टोबर धरा, कारण पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते. मे महिन्यात झालेला गटाराचा ठराव चांगला असतो, पण त्या वर्षाचा आराखडा १ एप्रिलच्या आधीच बंद झालेला असतो. मेमध्ये विषय लावून धरा, ऑक्टोबरमध्ये तो आराखड्यात घालून घ्या.

आणखी एक पायरी आहे, जिच्याकडे पुरुषमंडळी लक्षच देत नाहीत. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. पाणी, गटार, शौचालय, दारूचा गुत्ता हे विषय तिथून पुढे आले तर त्यांचं वजन वाढतं. आळीतल्या बायकांना आधी सांगून ठेवा, अर्जाची प्रत त्यांच्या हाती द्या. काही गावांत ही सभा फक्त रजिस्टरवर भरते. तुमच्या गावात तसं असेल तर ती खरोखर भरवण्याची मागणी करायला हा चांगला मुहूर्त आहे.

तपासा: नोटीस लागली की विषयपत्रिकेचा फोटो काढा. तुमचा विषय त्यात आहे का? नसेल तर त्याच दिवशी, अर्जाच्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून, तो का घेतला नाही हे लेखी विचारा.

५. सभेचा दिवस

कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. बाराशे मतदारांच्या गावाला शंभर लागतात, चारशेंच्या गावाला साठ. कोरम नसेल तर सभा तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा कोरम लागत नाही आणि ती मूळ विषयपत्रिकेवरच चालते. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: तुमचा विषय छापील पत्रिकेत असेल तर तहकुबीने तुमचं फारसं नुकसान नाही. ऐनवेळच्या भरवशावर असाल तर गेलाच.

वेळेवर जा आणि सही करण्याआधी हजेरी रजिस्टर बघा. पानाच्या वर सभेची तारीख आणि प्रकार लिहिलेला असावा. कोऱ्या पानावर सही करू नका. घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या गोळा करणं काही ठिकाणी अजून चालतं. त्या सहीच्या आधारे तुम्ही कोणकोणत्या ठरावाला हजर होता हे तुम्हाला नंतर कळतं.

बोलायची पद्धत अशी ठेवा. एकाने बोलायचं, तीन मिनिटांच्या आत. जुन्या सरपंचाने काय केलं हे काढायचं नाही. काढलंत की सभा दोन गटांत फुटते आणि गटार बाजूला राहतं. लांबी, जागा, अडचण सांगा, नमुना २३ मधली नोंद सांगा आणि ठरावाचा मसुदा लिहून आणलेला कागद अध्यक्षांच्या हाती द्या. हा मसुदाच सगळ्यात महत्त्वाचा. गर्दीत ग्रामसेवकाला वाक्य जुळवायला वेळ नसतो, त्याला तयार मजकूर मिळाला की तोच उतरतो:

"वॉर्ड क्र. २ मधील मारुती मंदिर ते सार्वजनिक विहीर (अं. ८० मी.) बंदिस्त गटार बांधकाम पुढील वर्षाच्या विकास आराखड्यात समाविष्ट करण्यास व त्याचे अंदाजपत्रक तयार करून घेण्यास ही ग्रामसभा मंजुरी देत आहे. सूचक: ... अनुमोदक: ..."

सूचक आणि अनुमोदक आधी ठरवा, दोघंही हजर हवेत. शक्य असेल तर अनुमोदक दुसऱ्या आळीतला घ्या. हे राजकारण आहे, पण चांगलं राजकारण आहे.

सावध: "विषयावर सविस्तर चर्चा झाली" एवढं लिहून विषय संपवला तर ठराव झालेला नाही. चर्चा म्हणजे मंजुरी नव्हे. सर्वानुमते की बहुमताने मंजूर, हे तिथल्या तिथे मोठ्याने वाचून घ्यायला सांगा.

विरोध झाला तर हात वर करून मत मोजायला सांगा आणि आकडे नोंदवायला लावा. बहुमत न मिळण्यापेक्षा नोंद न होण्याचीच भीती जास्त.

६. ठरावाची नक्कल

सभेनंतर आठ-दहा दिवसांत लेखी अर्ज करून ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मागा. त्यावर चार गोष्टी बघा: सभेची तारीख, ठराव क्रमांक, सूचक-अनुमोदकाची नावं, आणि मजकूर तुमच्या मसुद्याशी जुळतो का. "८० मीटर"चं "आवश्यकतेनुसार" झालं असेल तर आत्ताच बोला.

पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय असतो "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे". गावकरी हा विषय चहाच्या वेळेसारखा सोडून देतात. तुम्ही त्या वेळी हजर राहा. चुकीचं इतिवृत्त एकदा कायम झालं की ते दुरुस्त करणं फार कठीण.

७. ठराव झाला, पैसा कुठून येणार?

ठराव म्हणजे गावाची संमती. निधीची सोय वेगळी, आणि ती तुम्हाला समजली पाहिजे, कारण "फंड नाही" हे उत्तर इथेच मिळतं.

ग्रामपंचायतीकडे ढोबळमानाने दोन पिशव्या असतात. एक स्वनिधी: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी. यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात; गटाराला उरलेल्यातून. दुसरी पिशवी वित्त आयोगाच्या निधीची. पंधराव्या आयोगाच्या काळात (२०२५-२६ पर्यंत) बहुतेक वर्षं ६० टक्के निधी बंधित, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी, आणि ४० टक्के अबंधित असा होता. चालू वर्षाचं प्रमाण ग्रामसेवकाकडून लेखी विचारून घ्या.

आता मघाचा अर्ज पुन्हा बघा. अर्जात "सांडपाण्यासाठी बंदिस्त गटार" असं लिहायला सांगितलं ते यासाठीच. सांडपाणी व्यवस्थापन बंधित निधीत बसतं. "रस्त्याचे सुशोभीकरण व गटार" असं लिहिलं तर तेच काम अबंधित निधीच्या रांगेत जाऊन उभं राहतं, आणि ती रांग लांब असते. खोटं काही लिहायचं नाही, पण कामाचा खरा हेतू शीर्षकात यायला हवा.

यानंतरचे टप्पे ठरलेले आहेत: आराखड्यात नाव, अभियंत्याकडून अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय अशा दोन्ही मान्यता, मग काम. महिन्यातून एकदा जाऊन फक्त एवढंच विचारा: "फाइल कोणत्या टप्प्यावर आहे?" "काम कधी होणार?" याचं उत्तर कायम "लवकरच" असतं. टप्पा विचारला की टेबलाचं नाव सांगावं लागतं.

काम सुरू झाल्यावर अंदाजपत्रकाची प्रत हाती ठेवा. गटाराची रुंदी, खोली, खालच्या काँक्रीटची जाडी त्यात लिहिलेली असते. उतार कुठल्या दिशेला आहे, हे पहिल्याच दिवशी बघा. उतार उलटा असलेलं गटार नवं कोरं असून पाणी तुंबवतं, आणि मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊन बिल निघाल्यावर कोणी ऐकत नाही.

८. अडलंच तर

आधी गटविकास अधिकाऱ्यांकडे, पंचायत समितीत. अर्जासोबत तीनच कागद जोडा: पोच असलेला मूळ अर्ज, विषयपत्रिकेचा फोटो, ठरावाची नक्कल. इथे हालचाल नाही झाली तर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. पहिल्याच दिवशी मंत्रालयात पत्र पाठवण्यात अर्थ नाही, ते फिरून पंचायत समितीतच येतं. मधले दोन महिने मात्र जातात.

नक्कल देत नसतील तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, असा महाराष्ट्रातला नियम आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर नाही आलं किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील.

यात लोक करतात ती चूक म्हणजे जाब विचारणं. "गटार का बांधले नाही?" हा प्रश्न माहिती अधिकारात बसत नाही, त्यातून फक्त कागद मिळतो. म्हणून कागदच मागा: "दि. अमुकच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची, हजेरी रजिस्टरच्या पानांची आणि त्या सभेच्या विषयपत्रिकेची साक्षांकित प्रत." तिन्ही शेजारी ठेवून वाचा. पत्रिकेत असलेला विषय इतिवृत्तात नसेल, तर गटविकास अधिकाऱ्यांकडच्या पुढच्या अर्जात तेवढं एकच वाक्य लिहा आणि त्या दोन पानांच्या प्रती खाली जोडा.